भिंतीवर मुखपृष्ठं लावायची तयारी

नवरात्राच्या आसपास नाशिकच्या जुन्या वाड्यांतले माळे झाडले जातात आणि वर्षानुवर्षं साठलेले दिवाळी अंक रद्दीत निघतात. जुनी मुखपृष्ठं जमवायची तर त्याआधीच ओळखीच्या रद्दीवाल्याला सांगून ठेवा, ‘मामा, गठ्ठा बांधण्याआधी मला एकदा दाखवा.’

एक गोष्ट मात्र आधी मनाशी पक्की करा: धड अंकाचं मुखपृष्ठ फाडायचं नाही. 1909 साली ‘मनोरंजन’ मासिकाने सुरू केलेली दिवाळी अंकांची परंपरा अशा अखंड प्रतींतच टिकून आहे. भिंतीसाठी सुटी झालेली, पाठ तुटलेली, आतली पानं हरवलेली मुखपृष्ठंच घ्या. तीही भरपूर मिळतात. अखंड अंक मिळाला तर तो जपा, किंवा एखाद्या वाचनालयाला हवा आहे का ते विचारा.

काय जमवायचं तेही ठरवून निघा. चित्रकार दीनानाथ दलालांनी 1945 साली ‘दीपावली’ हा अंक सुरू केला. त्यांची आणि रघुवीर मुळगावकरांची चित्रं शेजारी लावून पाहा, दोघांचा रंगांचा हात किती वेगळा आहे ते लगेच कळतं. मला दलालांची रेषा जास्त जवळची वाटते. कोणाचंही एकेक सुटं घेण्यापेक्षा एकाच चित्रकाराची चार-पाच घेतली तर भिंत बोलकी होते.

पिशवीत भिंग, मोजपट्टी, मऊ ब्रश आणि दोन जाड पुठ्ठे असू द्या. जुन्या ब्लॉकच्या, म्हणजे धातूच्या ठशांच्या छपाईत भिंगाखाली रंगांची टिंबं नीट मांडलेली दिसतात, तर आजच्या इंकजेट प्रिंटवर बारीक फवारा विखुरलेला असतो. मग कागद हुंगा. गोदाकाठच्या तळमजल्यावरचा गठ्ठा पुरात भिजलेला असू शकतो. कुबट वास किंवा गाळाची रेघ असेल, तर चित्र कितीही आवडलं तरी ते इतर कागदांत मिसळू नका. कसर लागली आहे का, तेही कडा उलगडून बघा. पिना गंजल्या असतील तर त्या ओढू नका. पाय सरळ करून मागून काढा.

फ्रेमवाल्याकडे जाताना आम्लविरहित माउंट, म्हणजे चित्राभोवती बसवायचा जाड पुठ्ठा, मागा आणि लॅमिनेशनला, सेलोटेपला साफ नकार द्या. चित्र चिकटवायचं नाही, कागदी कोपऱ्यांत बसवायचं. काच कागदाला टेकू नये, मध्ये माउंटची जाडी हवी. पश्चिमेच्या उन्हाची भिंत टाळा, ओल येणारी तर टाळाच. खूप उजेडाच्या खोलीसाठी मूळ कागद फाइलमध्ये ठेवून स्कॅनची प्रत लावा. पण तशा प्रती विकायला काढू नका. दलाल 1971 मध्ये गेले आणि आपल्याकडे चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो.

फ्रेम बंद होण्याआधी माउंटच्या पाठीवर पेन्सिलीनं अंकाचं नाव, साल, चित्रकार आणि कागद कुठून मिळाला ते लिहून ठेवा.