ब्रूट फोर्स अडवायला गेलात आणि प्लगिनच बंद पडले? या चुका टाळा

वर्डप्रेसची साइट लाइव्ह झाली की लॉगिन पेजवर बॉट (आपोआप चालणारे प्रोग्रॅम) येणारच, साइट छोटी असली तरी येतात, कारण बॉट साइट बघून निवडत नाही, सापडेल तिथे अंदाजाने पासवर्ड मारत सुटतो, यालाच ब्रूट फोर्स म्हणतात. मग लॉगमधल्या त्या ओळींवर ओळी बघून माणूस घाबरतो, सिक्युरिटी प्लगिनमधली दिसतील ती सगळी बटणं ऑन करतो आणि दुसऱ्या दिवशी बघतो तर कॉन्टॅक्ट फॉर्म जात नाहीये, मोबाइल अ‍ॅप कनेक्ट होत नाहीये, ऑर्डर अडकल्यात. अडवायचाय तो पासवर्डचा अंदाज लावणारा, आणि तो नेमका कुठून येतो ते माहीत असेल तर बाकीच्या प्लगिनना हात लावायची गरज फारशी पडत नाही.

पहिली चूक म्हणजे अख्ख्या डब्ल्यूपी-अ‍ॅडमिन फोल्डरला सर्व्हरचा पासवर्ड लावणं. यात दोन भानगडी आहेत. एक तर लॉगिनची फाइल त्या फोल्डरमध्ये नसतेच, ती बाहेर रूटमध्ये, म्हणजे साइटच्या मुख्य फोल्डरमध्ये असते, म्हणजे तिला हे कुलूप लागतच नाही. आणि दुसरं, अ‍ॅडमिन-एजॅक्स नावाची फाइल मात्र त्याच फोल्डरमध्ये असते आणि फिल्टर, सर्च, लोड मोअर वगैरेसाठी कितीतरी प्लगिन ती लॉगिन न केलेल्या व्हिजिटरसाठीसुद्धा वापरतात. होम पेज उघडल्यावर लोकांना युजरनेम-पासवर्डचा पॉपअप येत असेल तर कारण बहुतेक हेच. पासवर्ड लावायचाच असेल तर अ‍ॅडमिन-एजॅक्स आणि अ‍ॅडमिन-पोस्ट या दोन फाइल त्यातून वगळा.

एक्सएमएल-आरपीसी म्हणजे बाहेरच्या सॉफ्टवेअरला साइटशी बोलायची जुनी सोय, तिच्याबद्दल सगळीकडे एकच सल्ला मिळतो, बंद करा. तुमचं काहीच त्यावर चालत नसेल तर खरंच करा, कारण पासवर्ड ट्राय करायचा तो दुसरा दरवाजा आहे. पूर्वी मल्टिकॉल (एका रिक्वेस्टमध्ये अनेक कामं पाठवायची पद्धत) वापरून एकाच रिक्वेस्टमध्ये शेकडो पासवर्ड तपासता यायचे, वर्डप्रेस ४.४ पासून त्या रिक्वेस्टमधला एक चुकला की पुढचे सगळे फेल धरतात, पण एकेक करून मारणं अजूनही चालतंच. पण जेटपॅक हे प्लगिन एक्सएमएल-आरपीसीच्याच फाइलमधून बोलतं, त्यामुळे जेटपॅक असेल तर त्यांनी दिलेल्या आयपी रेंज (इंटरनेट पत्त्यांचे पट्टे) चालू ठेवा आणि बाकीच्यांना बंद करा.

रेस्ट एपीआय, म्हणजे प्लगिन आणि अ‍ॅपना साइटशी बोलायची नवी सोय, पूर्ण बंद करणं ही मला सगळ्यात वाईट चूक वाटते. ब्लॉक एडिटर त्यावरच चालतो, कॉन्टॅक्ट फॉर्म ७ त्यातूनच फॉर्म पाठवतो, वूकॉमर्सशी जोडलेली बाहेरची सॉफ्टवेअरही तिथूनच येतात. पोस्ट सेव्ह करताना रिस्पॉन्स व्हॅलिड जेसॉन नाही असा एरर आला की आधी इथे बघा. लोकांना खरं तर युजरनेमची यादी लपवायची असते, मग लॉगिन नसलेल्यांसाठी तेवढाच युजर्सचा एंडपॉइंट (ती यादी देणारा पत्ता) बंद करा ना! बाहेरच्या अ‍ॅपला मेन पासवर्डही देऊ नका, २०२० मध्ये आलेल्या ५.६ व्हर्जनपासून अ‍ॅप्लिकेशन पासवर्डची, म्हणजे प्रत्येक अ‍ॅपला वेगळा पासवर्ड द्यायची सोय आहे, तो लॉगिन पेजवर चालत नाही आणि एका अ‍ॅपचा रद्द केला तर बाकीच्यांना काही होत नाही. काही सिक्युरिटी प्लगिन ही सोय बंद करून ठेवतात, अ‍ॅप कनेक्ट होत नसेल तर ते सेटिंग आधी तपासा.

आयपीचा घोळ

यावर सगळ्यात जास्त वेळ द्या. क्लाउडफ्लेअरसारखी प्रॉक्सी, म्हणजे व्हिजिटर आणि सर्व्हरच्या मधली सेवा, पुढे असेल तर सर्व्हरला व्हिजिटरचा आयपी दिसत नाही, प्रॉक्सीचा दिसतो. बॉटने चार-पाच वेळा चुकीचा पासवर्ड टाकला की प्लगिन प्रॉक्सीचाच आयपी ब्लॉक करतो आणि त्याच आयपीमागून येणारी खरी माणसंही बाहेर, त्यात तुम्हीसुद्धा. लॉकआउटच्या यादीत तेच तेच आयपी फिरून फिरून दिसत असतील तर ते क्लाउडफ्लेअरच्या जाहीर यादीत आहेत का ते बघा. मग लोक घाईत प्लगिनला सांगतात की एक्स-फॉरवर्डेड-फॉर हेडरमधला (रिक्वेस्टसोबत येणाऱ्या माहितीतला) आयपी खरा मान, आणि तिथे उलटी चूक होते, कारण तो हेडर कोणीही स्वतः लिहून पाठवू शकतं, बॉट दर वेळी नवा खोटा आयपी टाकतो आणि चुकीच्या पासवर्डची तुमची लिमिट कधी भरतच नाही. हे काम सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये करा, अपाचीत रिमोट-आयपी मॉड्यूल किंवा एन्जिनएक्समध्ये रिअल-आयपी, आणि रिक्वेस्ट प्रॉक्सीच्या रेंजमधून आली असेल तरच हेडरवर विश्वास ठेवा. एकदा हे नीट बसलं की सगळ्याच प्लगिनना बरोबर आयपी मिळतो.

लिमिटही अति कडक ठेवू नका. तीन चुकांना २४ तास बंदी ऐकायला छान वाटते, पण एकाच नेटवर्कवरची बरीच माणसं एकाच आयपीने दिसतात, आणि मोठा बॉटनेट (अनेक कॉम्प्युटरवरून चालणारी बॉटची फौज) तर प्रत्येक आयपीवरून एक-दोनदाच ट्राय करून निघून जातो, म्हणजे मार खातात आपलीच माणसं. पाच प्रयत्न, पंधरा-वीस मिनिटं बंदी आणि सोबत टू-फॅक्टर (पासवर्डनंतर आणखी एक कोड), एवढं बहुतेक साइटना पुरतं. दोन सिक्युरिटी प्लगिन एकत्र तर नकोच, ब्लॉक कोणी केलं तेच कळत नाही.

स्वतःच लॉक झालात तर आधी दुसऱ्या नेटवर्कवरून लॉगिन करून बघा. तेही जमलं नाही तर एफटीपीने (सर्व्हरवरच्या फाइल हाताळायची सोय) प्लगिन्स फोल्डरमध्ये त्या प्लगिनच्या फोल्डरचं नाव बदला, तो लोड व्हायचा थांबतो. आत गेल्यावर नाव परत पहिल्यासारखं करा, प्लगिन चालू करा आणि लगेच लॉकआउटची यादी साफ करा, कारण ती नोंद डेटाबेसमध्ये तशीच असते आणि लॉगआउट झालात की परत बाहेर.

आणि ४०३ एरर (परवानगी नाही) आला की लगेच प्लगिनला दोष देऊ नका. तो प्लगिनने दिला, होस्टिंगच्या मॉडसिक्युरिटीने (सर्व्हरवरच्या फायरवॉलने) दिला की क्लाउडफ्लेअरने, ते आधी शोधा. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये ती रिक्वेस्ट बघा आणि त्याच वेळेची सर्व्हरच्या अ‍ॅक्सेस लॉगमधली ओळ शोधा, ओळच नसेल तर रिक्वेस्ट सर्व्हरपर्यंत पोचलीच नाहीये, म्हणजे अडवणारा पुढे बसलाय. सेटिंग एका वेळी एकच बदला, आणि बदलल्यावर इनकॉग्निटोमध्ये फॉर्म पाठवून बघा, एक टेस्ट ऑर्डर टाका, एक पोस्ट सेव्ह करा, मगच पुढच्या सेटिंगला हात लावा.