जुन्या गळाच्या काठीवर दोऱ्याची नक्षी कशी गुंफावी

कोकणात गरीने मासे धरण्याला गरवणे म्हणतात. माझ्या मामांची गरवायची फायबरग्लासची काठी कित्येक वर्षे माळ्यावर पडून होती. दुसऱ्या महायुद्धानंतर बांबूच्या काठ्यांची जागा घेणाऱ्या या काठ्या आजच्या कार्बनच्या काठ्यांपेक्षा जड असतात, पण फार चिवट असतात, आणि दांडा शाबूत असेल तर त्या दुरुस्त करणे सर्वस्वी योग्य आहे. दुरुस्तीत कड्या, म्हणजे मासेमारीचा दोर ज्यांतून जातो त्या दांड्यावरच्या गोल वळ्या, नव्याने बांधाव्याच लागतात. ते बांधकाम हाताला वळले की मुठीच्या वर शंकरपाळ्यांची नक्षी गुंफणे हा त्याच कामाचा पुढचा टप्पा ठरतो.

आधी काठी नीट तपासावी. कापसाचा बोळा दांड्यावरून हळूहळू फिरवल्यास जिथे फायबर उकललेले असेल तिथे कापूस अडकतो. तोच बोळा प्रत्येक कडीच्या आतून फिरवावा, कारण आतल्या चकतीला गेलेला केसाएवढा तडा डोळ्यांना दिसत नाही, पण मासा लागला असताना दोर कापून टाकतो. अशी कडी बदलावी. दांड्यालाच आडवी चीर असेल, तर मात्र त्यावर नक्षीचे कष्ट घेऊ नयेत.

काहीही कापण्यापूर्वी शेंड्यापासून प्रत्येक कडीचे अंतर मोजून वहीत लिहावे आणि छायाचित्रे काढून ठेवावीत. मग धारदार पाते कडीच्या धातूच्या पायावर, म्हणजे दांड्याला टेकून दोऱ्याखाली दबलेल्या तिच्या पट्टीवर, ठेवून, त्या पायाच्या लांबीने, जुना दोरा चिरावा. पात्याखाली धातू असेल तरच दांडा सुरक्षित राहतो. दांड्यावर उमटलेला ओरखडा पुढे नेमका तिथेच मोडण्याचे कारण होऊ शकतो. मामांच्या काठीवरचा दोरा सोलल्यावर कड्यांच्या पायांखाली खाऱ्या पाण्याने चढलेला हिरवा थर दिसला होता. तो बारीक पॉलिश पेपरने काढावा आणि पायाचे टोक कानसेने घासून इतके निमुळते करावे की दोरा दांड्यावरून त्यावर ठेच न लागता चढेल.

दोरा निवडताना मी पहिली चूक केली. शिवणकामाचा सुती दोरा वापरला आणि त्याची लव शेवटी वरून दिलेल्या इपॉक्सीतून (दोन भाग मिसळून लावायच्या, वाळून कडक होणाऱ्या लेपातून) काट्यांसारखी वर आली. काठीसाठी मिळणारा नायलॉनचा दोरा सर्वांत सोपा. तो नसेल तर मशीन एम्ब्रॉयडरीचा पॉलिएस्टर दोरा चालतो. रेशीम सुंदर दिसते, परंतु व्हार्निश पिताच ते पारदर्शक आणि गडद होते, म्हणून आधी तुकड्यावर चाचणी घ्यावी.

खोक्याच्या दोन बाजूंना इंग्रजी व्ही अक्षरासारख्या खाचा पाडून त्यांत काठी आडवी ठेवावी. दोऱ्याचे रीळ वाटीत ठेवून दोरा जाड पुस्तकाच्या पानांमधून काढावा आणि वर वजन ठेवावे, म्हणजे ताण सारखा राहतो. कडी चिकटपट्टीने तात्पुरती बसवून, तिच्या पायापासून थोडे अलीकडे दोऱ्याचे टोक दांड्यावर ठेवावे, त्यावरूनच पाच-सहा वेढे घेऊन ते दाबावे आणि उरलेले टोक कापावे. दोरा फिरवायचा नाही, काठी फिरवायची. शेवटचे आठ-दहा वेढे उरले की दुसऱ्या दोऱ्याचा एक फास आडवा ठेवून त्यावरून ते वेढे घ्यावेत. मग मुख्य दोरा कापून त्याचे टोक फासात ओवावे आणि फास ओढून टोक वेढ्यांखाली घ्यावे. फटी राहिल्यास चमच्याच्या पाठीने घासून वेढे सरकवावेत. माझी पहिली कडी चार वेळा उलगडली आणि तिला अख्खी दुपार गेली; पाचवी अर्ध्या तासात झाली. सर्व कड्या अशा बांधून होईपर्यंत नक्षीला हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

नक्षी मुठीच्या लगत वरच घालावी, कारण तिथे काठी सर्वांत कमी वाकते. शेंड्याकडे घातलेला जादा दोरा काठीला जड आणि ताठर करतो. प्रथम एकरंगी सलग वेढ्यांचे अस्तर द्यावे, म्हणजे वरचा दोरा घसरत नाही. अस्तरावर दांड्याच्या समोरासमोरच्या दोन बाजूंना सरळ रेषा आखाव्यात. दांड्याचा घेर मोजावा. समजा तो ३८ मिलिमीटर भरला, तर पहिल्या रेषेवर दर ३८ मिलिमीटरवर खूण करावी आणि समोरच्या रेषेवर त्या खुणांच्या बरोबर मध्यावर. यामुळे दोरा ४५ अंशांत चढतो आणि शंकरपाळी चौरस येते. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून दोरा एका टोकाकडून तिरका चढवावा, वर एक वेढा घेऊन उलट्या दिशेने तिरका उतरवावा, आणि प्रत्येक फुली खुणेवरच पडते आहे ना, हे पाहावे. पुढचे दोरे या पहिल्या दोऱ्याला बिलगून, एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे, बसवावेत. पहिल्या फेरीत जो क्रम धरला तोच शेवटपर्यंत ठेवावा. एक फेरी जरी उलटली, तरी शंकरपाळीचा मध्य वाकडा दिसतो. चार दोरे गडद, चार फिके, मग दोन जरीचे आणि कडेला पुन्हा गडद, एवढी मांडणी पहिल्या वेळी पुरेशी आहे. पटवेकरी दागिने गाठवताना रेशमावर जरीची तार जशी मोजकीच चढवतो, तशीच इथेही ती थोडीच शोभते. शेवटी दोन्ही टोकांवर सेंटीमीटरभर सलग वेढे घट्ट घेऊन तिरके दोरे बांधावेत आणि त्यापलीकडचे चिकटपट्टीसह कापून टाकावेत.

इपॉक्सीचे दोन्ही भाग उत्पादकाने दिलेल्या प्रमाणातच, वेगवेगळ्या सिरिंजांनी मोजून घ्यावेत, दोन-तीन मिनिटे सावकाश ढवळावेत आणि ॲल्युमिनियमच्या फॉइलवर पसरावेत, म्हणजे बुडबुडे निघून जातात. ब्रशने पातळ थर द्यावा. त्यानंतर थर ओघळणे थांबेपर्यंत काठी दर काही मिनिटांनी अर्धी फिरवत राहावे. याला दोन-तीन तास लागतात आणि तेवढा वेळ उठता येत नाही. पावसाळ्यात हे काम टाळावे, कारण दमट हवेत थर धुरकट आणि चिकट राहू शकतो. पहिला थर वाळल्यावर दुसरा द्यावा आणि काठी आठवडाभर वापरू नये.

समुद्रावरून परतल्यावर काठी दर वेळी गोड्या पाण्याने धुवावी, आणि कड्यांच्या पायांपाशी, जिथे दोरा संपतो, तिथे बोट फिरवून ती कोरडी करावी. हिरवा थर धरायला तिथूनच सुरुवात होते.