कॉईल बदलण्याआधी एक भागाकार

म्हापशाच्या घरातला 2000 वॅटचा गिझर पाणी नुसतं कोमट करायचा. वायरमन म्हणाला, कॉईल, म्हणजे पाणी तापवणारी तार, गेली. मी आधी मोजलं: गिझर चालू असताना सॉकेटवर 190 व्होल्ट, वायरभोवती अडकवून करंट मोजायच्या क्लॅम्प मीटरवर 7.2 अँपिअर. भागाकार केला, रोध 26.4 ओहम. चांगल्या कॉईलचा रोध किती हवा ते काढायला 230 व्होल्टचा वर्ग भागिले 2000 वॅट केलं तरी जवळपास तेवढाच येतो, म्हणजे कॉईल ठणठणीत! पॉवर मात्र 190 गुणिले 7.2, जेमतेम 1368 वॅट.

त्याच वेळी घराच्या वीज मीटरपाशी 228 व्होल्ट. मधले 38 व्होल्ट गुणिले 7.2, म्हणजे 270 वॅटच्या वर उष्णता वाटेतच. याने आग लागते हो! मेन स्विच पाडून वायरी जोडलेला जंक्शन बॉक्स उघडला, तर न्यूट्रलचा, म्हणजे परतीच्या वायरचा, जोड काळाठिक्कर, टेप वितळलेली. आमची खारी हवा, दुसरं काय. वायर मागे कापून नवा कनेक्टर घातला. आता 226 व्होल्ट, 8.5 अँपिअर.