महावृक्षांचा ग्रह रचताय? या चुका टाळा

नवख्या पोरांच्या विज्ञानकथा माझ्याकडे वाचायला येतात. पहिल्याच पानावर किलोमीटरभर उंच झाड उभं असतं. गुरुत्वाकर्षण निम्मं केलंय, झालं काम! झाड पाणी कसं पितं, हे मात्र शेवटपर्यंत कळत नाही.

हसायचा मला हक्क नाही. माझ्या पहिल्या ग्रहावर नऊशे मीटरची झाडं होती. एका मे महिन्यात बोअरची मोटर काढायला आलेल्या मिस्त्रीला चहा होईपर्यंत मी ते कौतुकानं सांगत बसलो. तो पाइपाचा आटा पुसत म्हणाला, "सर, वरनं ओढणारी मोटर तीस फुटाच्या पुढं पाणी खेचत नसतंय. तुमच्या झाडाला कुठली बसवलाय?"

मी गप्प. वरून ओढणाऱ्या पंपाला हवेच्या दाबाचाच आधार, म्हणून दहा मीटरवर तो हात टेकतो. बोअरमध्ये सबमर्सिबल खाली सोडतात ती त्यामुळंच. झाडाला खाली मोटर नाही. पानांतून बाष्प उडतं आणि अतिबारीक नळ्यांतला पाण्याचा सलग धागा वर ताणला जातो. दर दहा मीटरला हा ताण साधारण आपल्या हवेच्या दाबाएवढा वाढतो. अती झाला की धाग्यात बुडबुडा होऊन तो तुटतो. मिस्त्रीच्या भाषेत, हवा धरली. पृथ्वीवरचं सर्वांत उंच झाड, कॅलिफोर्नियातलं हायपेरियन नावाचं रेडवुड, सुमारे 116 मीटर आहे. 2004 साली शास्त्रज्ञांनी या जातीची कमाल मर्यादा 122 ते 130 मीटर काढली होती.

गुरुत्व निम्मं केलं तर उंचीमुळं येणारा ताण निम्मा होतो, नळ्यांतलं घर्षण तसंच राहतं. मी झाडं मुकाट्यानं दोनशे मीटरवर आणली आणि खोऱ्यात धुकं सोडलं, कारण रेडवुड पानांवाटेही धुक्याचं पाणी घेतं. आपल्यासारखी कोरडी हवा देऊन वर महावृक्ष मागू नका. मे महिन्यात सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर दुपारी उभे राहा, तिथं गवत आणि बाभूळच का, ते कळेल.

हवा विसरणं ही दुसरी खोड; गुरुत्व कमी केलं की हवा धरून ठेवणं अवघड. मंगळाचं गुरुत्व आपल्या 0.38 पट, आणि हवेचा दाब एक टक्कासुद्धा नाही. मी गुरुत्व 0.7 धरतो आणि त्रिज्या 1.4 पट; मग हवेला निसटायला लागणारा वेग जवळपास पृथ्वीएवढाच राहतो. पण असा ग्रह पृथ्वीच्या निम्म्या घनतेचा होतो, म्हणजे पोटात लोखंड नावापुरतंच. आणि तरी नायकाच्या कमरेला पोलादी तलवार!

ऑक्सिजन वाढवून झाड वाढत नाही, वणवे वाढतात.

मोकळ्या माळावर एकटंच महाझाड नको. उंची येते ती शेजाऱ्याच्या सावलीतून सुटायला.

नकाशा रंगवायच्या आधी वहीत पाण्याचा हिशोब करा, ग्रहाचं नाव सगळ्यात शेवटी ठेवा. माझ्या वहीत नाव ठेवलेले अकरा ग्रह आहेत. शेंड्यापर्यंत पाणी पोचलेले दोन.