ट्रॉलीखाली स्टेपनी कशी बांधावी: दसऱ्याआधी उरकायचं काम

दसरा जवळ आला, ऊसतोडीला निघायची वेळ झाली की बीड जिल्ह्यातल्या आमच्या वडवणी, धारूर, केज भागात वेल्डिंगच्या दुकानांसमोर ट्रॉल्यांची रांग लागते. कुणाला फाळक्याची कडी बसवायची असते, कुणाला दांडीचा हूक बदलायचा असतो. स्टेपनीची आठवण मात्र निघायच्या आदल्या रात्री होते. मग ती बाइंडिंग वायरनं चासीला आवळायची, नाहीतर सरळ ट्रॉलीत टाकायची आणि तिच्यावर गोधडी अंथरून पोरं बसवायची.

मीही तेच करत होतो. एका वर्षी ट्रॅक्टरमागच्या दोन ट्रॉल्यांपैकी पुढच्या ट्रॉलीखाली तारेनं बांधलेली स्टेपनी बार्शीच्या अलीकडं एका गतिरोधकावर सुटली आणि मागच्या ट्रॉलीच्या चाकाखाली गेली. त्या ट्रॉलीत अकरा माणसं झोपलेली होती. ट्रॉली एका अंगाला उचलली गेली, क्षणभर तशीच राहिली आणि परत चाकांवर आदळली. स्प्रिंगचा एक पाटा तुटला, ज्वारीचं पोतं फुटलं, माणसं वाचली. तार बघितली तर आतून घासून सुतळीसारखी झालेली. चूक दुसऱ्या कुणाची नव्हती, बांधणारा मीच होतो. तेव्हापासून एक धरून चालतो: जे काही बांधलं आहे ते कधीतरी तुटणारच. म्हणून स्टेपनीला दोन वेगवेगळे आधार हवेत. एक तिला पेलणारा आणि दुसरा पहिला तुटला तर तिला झेलणारा.

ट्रॉलीत माणसं बसवायची नाहीत हे सगळ्यांना माहीत आहे आणि तरी सगळे बसवतात. निदान त्यांच्याशेजारी मोकळं चाक ठेवू नका. घाटात ब्रेक लागला की ते पुढं सरकतं, आणि त्याला अडवायला लहान पोराचा पायच सापडतो.

आधी माप घ्या. आपल्याकडं बहुतेक ट्रॉल्यांना ९.००-१६ चे टायर असतात, म्हणजे टायरची रुंदी साधारण ९ इंच आणि डिस्कचा व्यास १६ इंच. आडवं टाकलं तर हे चाक जवळपास तीन फूट जागा घेतं आणि त्याची जाडी दहा इंचांच्या आसपास भरते. वजन एवढं की एकट्यानं उचलायच्या भानगडीत पडू नये. दोन्ही ट्रॉल्यांचे टायर एकाच मापाचे आणि डिस्कची भोकं सारखी असतील तर एक स्टेपनी पुरते. भोकं मोजून बघा. सहा भोकांची डिस्क आठ स्टडच्या हबवर बसत नाही, आणि हे रात्री दोन वाजता रस्त्यावर कळलं तर उपयोग नाही.

स्टेपनी मागच्या ट्रॉलीलाच लावायची, पुढच्या नाही. कारण वर सांगितलंच. पुढच्या एक्सलजवळ टर्नटेबल, म्हणजे वळताना एक्सलला फिरवणारी चकती, फिरतं, त्यामुळं तिथं कधीच नको. मागच्या एक्सलच्या मागं चासीच्या दोन लांब चॅनलमध्ये तीन फूट जागा असेल तर सर्वांत चांगली. नसेल तर दोन एक्सलच्या मध्ये, पण मागच्या एक्सलपासून फूटभर अंतर ठेवून. स्टेपनीचा तळ एक्सलच्या खाली येता कामा नये. ट्रॉली भरून सपाट जागेवर उभी करा, एक्सलचा तळ जमिनीपासून किती उंच आहे ते मोजा आणि स्टेपनी त्याच्याही दोन इंच वरच राहील असं बघा. उसाच्या फडातून बाहेर पडताना बांध चढावा लागतो आणि ट्रॉलीचं शेपूट तेव्हाच टेकतं. त्यात तळ खाली असेल तर स्टेपनी बांधावरच राहते.

आता पाळणा, म्हणजे स्टेपनीला पेलणारा पहिला आधार. बाजारात साखळी आणि हँडल असलेली कप्पी मिळते, पिकअपला असते तशी. डांबरी रस्त्यावर ती ठीक आहे. पण आपली काळी माती तिच्या दात्यांत बसली, वाळली की विटेसारखी होते, आणि नेमकं पंक्चरच्या दिवशी हँडल फिरत नाही. म्हणून मी अँगलचा पाळणा करून घेतो. ५० मिलिमीटरचा, ६ मिलिमीटर जाडीचा अँगल घ्या. त्याची चौकट करा, चाक आत आडवं बसेल एवढी, आणि मध्ये दोन आडवे अँगल द्या. तळाला पत्रा मारू नका. पत्र्यावर चिखल आणि पाचट साठतं, पाणी थांबतं आणि डिस्क तिथूनच गंजते. अँगलवर जुन्या टायरच्या पट्ट्या बोल्टनं बसवल्या की लोखंडाला लोखंड घासत नाही आणि खडखडाटही बंद होतो.

पाळण्याचं पुढचं टोक बिजागरीवर आणि मागचं टोक बोल्टवर. उलटं कधीच करू नका, वेल्डिंगवाला घाईत असला तरी त्याला थांबवा. मागचे बोल्ट गेले तर पाळण्याचं मागचं टोक खाली पडतं आणि रस्त्यावर घासत येतं. आवाज येतो, ठिणग्या उडतात, ड्रायव्हरला कळतं. पुढचं टोक पडलं तर ते फाळासारखं जमिनीत रुततं आणि अख्खी ट्रॉली उचलतं. बिजागरीला पाइपचा तुकडा आणि २० मिलिमीटरची पिन घ्या, पिनेच्या दोन्ही टोकांना वॉशर आणि स्प्लिट पिन. मागच्या बाजूला १६ मिलिमीटरचे दोन बोल्ट. बोल्टच्या डोक्यावर ८.८ असा आकडा ठोकलेला असतो, तो बघूनच घ्या. डोकं कोरं असेल तर तो बोल्ट गोठ्याच्या फाटकाला वापरा. प्रत्येक बोल्टला मोठा वॉशर, नट आणि त्यावर दुसरा नट घट्ट आवळून. या बोल्टला २४ नंबरचा पान्हा लागतो. तो पेटीत असलाच पाहिजे, आणि दोन असलेले बरे, कारण डोकं धरायलाही एक लागतो.

चाक पाळण्यात नुसतं पडून राहिलं तर खड्ड्यात उडतं आणि प्रत्येक उडीला बोल्टवर त्याच्या वजनाच्या कितीतरी पट हिसका बसतो. म्हणून डिस्कच्या मधल्या भोकातून एक जाड स्टड घ्या. त्यावर भोकापेक्षा मोठी चकती घाला आणि ती नटनं दाबून चाक पाळण्याला आवळा. हातानं हलवून बघा. चाक हललं की ट्रॉलीही हलली पाहिजे. व्हॉल्व्ह खालच्या बाजूला ठेवा म्हणजे चाक न काढता हवा बघता येते. त्याला टोपी मात्र हवीच, नाहीतर आठ दिवसांत त्यात माती जाते.

वेल्डिंगच्या वेळी तीन गोष्टी सांभाळा. ट्रॅक्टर सोडवून लांब उभा करा आणि दिव्यांची वायर काढा. चासीच्या चॅनलच्या उभ्या भागालाच पट्टी जोडा, खालच्या आडव्या पट्टीला भोक पाडू नका, वेल्डही करू नका. भरलेल्या ट्रॉलीचा ताण तिथंच येतो आणि चीर तिथूनच सुरू होते. आणि टायर चढवलेल्या डिस्कवर वेल्डिंग कधीही करायचं नाही. एखादी कडी लावायची आहे, दोन टाके मारायचे आहेत, असंही नाही. आतली हवा तापून टायर बॉम्बसारखा फुटतो. हवा सोडली तरी धोका जात नाही, कारण आत रबर जळून गॅस तयार होतो. डिस्कला काही करायचं असेल तर आधी टायर उतरवा.

आता झेलणारा आधार. ८ मिलिमीटरची साखळी घ्या. ती पाळण्याभोवती नाही, चाकाच्या डिस्कच्या भोकातून ओवायची आणि चासीच्या आडव्या चॅनलला डी-शॅकलनं, म्हणजे पिन लावून बंद होणाऱ्या डी आकाराच्या कडीनं, जोडायची. ज्या पट्टीला पाळण्याचे बोल्ट आहेत त्याच पट्टीला साखळी लावली तर दोन आधार कागदावरच राहतात, पट्टी उखडली की दोन्ही एकदम जातात. साखळीला चार बोटं ढील ठेवा, जास्त नको. मग परीक्षा घ्या: पाळण्याखाली ओंडके ठेवा, मागचे बोल्ट सोडा, ओंडके हळूहळू काढा. चाक साखळीवर लोंबलं आणि जमिनीला टेकलं नाही तर काम झालं. टेकलं तर दोन कड्या कमी करा. साखळीऐवजी वायर रोप वापरत असाल तर तीन क्लिप लावा. क्लिपचा यू आकाराचा बोल्ट दोरीच्या तोकड्या टोकावर आणि बूड ताणाच्या बाजूवर बसवा. उलट बसवलं तर यू बोल्ट ताणाचीच दोरी चिरडतो. नायलॉनचा दोर दोन्ही आधारांपैकी कशालाच चालत नाही. तो उन्हानं कुजतो आणि अँगलच्या कडेवर कापला जातो.

जाता जाता: स्टेपनी हा शब्द आपण रोज वापरतो, पण तो एका रस्त्याचा आहे. वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. १९०४ च्या सुमारास तिथं जादा चाक निघालं. पंक्चर झालेल्या चाकालाच बाहेरून पकडून बसवायचं, असं होतं ते. मोटारींना तेव्हा जादा चाकच नसायचं. इंग्लंडात हा शब्द आता कुणी म्हणत नाही, आपल्याकडं तो ट्रॉलीखाली लटकलेला आहे.

निघण्याआधी अंगणातच एक तालीम करा. मागच्या एका चाकाची हवा सोडा, ट्रॉली त्या अंगाला झुकू द्या आणि मग स्टेपनी काढून बघा. पंक्चर झाल्यावर ट्रॉली खाली बसते हे लोक विसरतात. उभ्या ट्रॉलीखालून अलगद निघणारी स्टेपनी बसलेल्या ट्रॉलीखालून निघत नाही. अडत असेल तर पाळणा दोन इंच वर घ्या किंवा चाक आडव्या बाजूनं ओढता येईल अशी वाट ठेवा. टायरच्या कडेवरचा चार आकडी शिक्काही तेव्हाच बघून घ्या. ३५२१ म्हणजे २०२१ सालच्या ३५ व्या आठवड्यात तयार झालेला टायर. जुना, कडेला चिरा पडलेला टायर स्टेपनी म्हणून ठेवायची आपल्याला सवय आहे, पण गरज लागते तेव्हा ट्रॉलीत सगळा ऊस भरलेला असतो. हवा टायरच्या कडेवर लिहिली असेल तेवढी पूर्ण भरा. कमी केव्हाही करता येते, रस्त्यावर भरता येत नाही.

बोल्टच्या आट्यांना ग्रीस फासा आणि वरून जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून बांधा. नट आवळून झाला की नट आणि पट्टी दोन्हींवरून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढा. पंचवीस किलोमीटरवर चहाला थांबाल तेव्हा वाकून बघा: रेघ तुटली असेल तर नट फिरला. पहिल्या दिवशी तो थोडा फिरतोच, परत आवळा. मांजरसुंब्याचा किंवा धारूरचा घाट उतरल्यावरही एकदा बघा. मागचे रिफ्लेक्टर पाळण्याच्या अँगलमागं झाकले गेले नाहीत ना, हेही तेव्हाच दिसेल. रात्री मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला तेवढंच दिसत असतं.

रस्त्यात खरंच पंक्चर झालं तर क्रम चुकवू नका. मागं दूरवर दिसेल अशी खूण, बाकीच्या चाकांना पुढून-मागून दगड. मग जॅकला हात लावायच्या आधी स्टेपनी काढा. पाळण्याखाली ओंडका ठेवून बाजूला बसूनच शेवटचा नट सोडा, डोकं खाली घालू नका. निघालेलं चाक जॅकशेजारी चासीखाली आडवं सरकवून ठेवा. जॅक सटकला तर ट्रॉली त्या चाकावर बसेल, माणसावर नाही. रस्त्याची कड काळ्या मातीची असेल तर जॅकखाली जाड फळी हवीच, नाहीतर जॅक खाली जातो आणि ट्रॉली जागची हलत नाही. चाकाचे नट जमिनीवरच ढिले करा, मग उचला. आता पंक्चरचं चाक चासीखाली आणि स्टेपनी हबवर. शेवटी पंक्चरचं चाक उसावर फेकू नका. तेही पाळण्यात, त्याच स्टडनं, त्याच साखळीनं.

कारखान्याच्या यार्डात नंबर लागेपर्यंत रात्र जाते, आणि तिथं स्टेपनी चोरीला जाते. साखळीला एक कुलूप लावा, किल्ली ड्रायव्हरकडं. पण कुलूप शॅकलच्या जागी नको, शॅकलच्या जोडीला हवं. कुलपाचा दांडा हिसका सोसत नाही.

एक गोष्ट मला दोन हंगामांनंतर कळली. खोपीवर, म्हणजे ऊसतोडीच्या मुक्कामी, गेल्यावर स्टेपनीची साखळी हळूच गायब होते. कुणी चोरत नाही, आपलीच माणसं नेतात, कारण बांधायला काहीतरी लागतंच. माझी एकदा कारवडीच्या गळ्यात सापडली आणि एकदा पाण्याच्या टाकीला. म्हणून साखळीचं चासीकडचं टोक आता शॅकलनं जोडत नाही. बोल्ट घालून त्याची आटी वरून ठोकून बंद केली आहे.