खटाव सापडतो, खंडाळा का नाही? शब्दांवर बायनरी सर्च चालवताना या चुका टाळा

साताऱ्यात मुलांची प्रॅक्टिकल्स घेताना मी एक खोडी करतो. आकड्यांवर रिकर्सिव्ह बायनरी सर्च (क्रमाने लावलेल्या यादीचा मध्य बघायचा, नको ती अर्धी बाजू सोडायची आणि उरलेल्या अर्ध्यासाठी फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलवायचं) चालवून झाला, की जिल्ह्यातल्या ११ तालुक्यांची यादी हातात देतो: कराड, कोरेगाव, खटाव, खंडाळा, जावळी, पाटण, फलटण, महाबळेश्वर, माण, वाई, सातारा.

खटाव सापडतो. खंडाळा मात्र सापडत नाही. खंबाटकी घाटापलीकडचा अख्खा तालुका गायब! मग पोरं रिकर्शनवर खापर फोडतात. बिचाऱ्या रिकर्शनचा काही दोष नसतो.

शून्यापासून मोजलं तर मधला पाटण. खंडाळा त्याच्या अलीकडे, म्हणून डावी बाजू घेतली. तिच्या मध्यावर खटाव. आपल्या मते आता उजवीकडे जायचं. पण युनिकोडमध्ये (कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक अक्षराला क्रमांक देण्याच्या पद्धतीत) अनुस्वाराचा क्रमांक व्यंजनांच्या आधी लागतो, म्हणून कॉम्प्युटरच्या लेखी 'खंडाळा' हा 'खटाव'च्या आधी. सर्च डावीकडे वळतो, कराड-कोरेगाव धुंडाळतो आणि हात हलवत परत येतो. डोळ्यांना बरोबर दिसणारी यादी त्याच्यासाठी सॉर्ट केलेलीच नव्हती.

म्हणून यादी हाताने लावू नका, प्रोग्रॅमकडूनच सॉर्ट करून घ्या. शब्दकोशासारखा क्रम हवा असेल (युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच पुढे येतो आणि क्ष तर क मध्येच जातो), तर मराठीचा कोलेटर, म्हणजे भाषेच्या नियमांनुसार शब्दांचा क्रम ठरवणारं साधन, वापरा. मात्र सॉर्टला एक आणि सर्चला दुसरा, असं करू नका.

जावामध्ये आकड्यांची सवय नडते. दोन शब्द == ने ताडले तर ते मेमरीतलं एकच ऑब्जेक्ट आहेत का, एवढंच तपासलं जातं. कोडमध्येच लिहिलेल्या शब्दांवर हे चालून जातं, कीबोर्डवरून नाव घेतलं की फसतं. कम्पेअरटू (compareTo, दोन शब्दांत आधी कोण ते सांगणारी मेथड) वापरा, पण उत्तर १ किंवा -१ च येईल असं धरून चालू नका. 'कराड'ची 'सातारा'शी तुलना केली तर -३५ येतं. तेव्हा शून्याहून लहान की मोठं, एवढंच बघा.

रिकर्शनच्या नेहमीच्या चुका दोन, आणि त्या आकड्यांवरही होतात. एक, उजवीकडे जाताना 'मध्य + १' ऐवजी नुसता 'मध्य' देणं. मग सातारा शोधताना ९ ते १० वर गाडी अडकते, कारण १९ भागिले २ चं पूर्णांकी उत्तर दर वेळी ९ च. शेवटी स्टॅक, म्हणजे अर्धवट राहिलेल्या कॉलची नोंद ठेवणारी मेमरी, भरतो. दोन, आतल्या कॉलच्या आधी रिटर्न (उत्तर मागे पाठवण्याची आज्ञा) विसरणं. पायथनमध्ये याची खूण सोपी आहे: फक्त पाटण सापडतो, बाकी सगळ्यांना नन (None, म्हणजे 'काहीच नाही'). जावाचा कंपायलर बहुतेक वेळा आधीच ओरडतो.

हे सगळं ठीक असूनही नाव सापडत नसेल, तर शब्दाची लांबी छापून बघा. फाइलमधून वाचलेल्या 'वाई'च्या शेवटी न दिसणारी स्पेस किंवा नवी ओळ चिकटलेली असते. ती स्ट्रिप करा, म्हणजे छाटून टाका. कुणी कराडला 'कऱ्हाड' लिहिलं असेल तर आणखी मजा. त्यातला ऱ एका कोडचाही असतो आणि र अधिक नुक्ता (अक्षराखालचं टिंब) असा दोन कोडचाही. दिसायला जुळे भाऊ, तुलनेत परके. यादी आणि शोधायचा शब्द, दोन्ही आधी एनएफसी या युनिकोडच्या एकाच ठरावीक रूपात आणा आणि त्यानंतर सॉर्ट करा.