नाटकावर निबंध लिहिताना कथानक तीन ओळींत आटपा

नाटकावर निबंध लिहायला बसलं की हात आपोआप कथानकाकडे वळतो आणि दोन पानं त्यातच संपतात. तपासणाऱ्याला गोष्ट पाठ असते हो! ती तीन ओळींत आटपा. मग फक्त रंगमंचावरच घडू शकेल अशी एखादी गोष्ट निवडा आणि तिलाच धरून बसा.

'घाशीराम कोतवाल' घ्या. विजय तेंडुलकरांचं हे नाटक १९७२ साली पुण्यात पहिल्यांदा रंगमंचावर आलं. दिग्दर्शन जब्बार पटेलांचं, संगीत भास्कर चंदावरकरांचं. एवढी माहिती पुरे. नाटकात नाना फडणवीस आहेत म्हणून त्यांचं चरित्र लिहीत बसू नका. माणसांच्या त्या भिंतीपाशी थांबा. नट रांगेत उभे राहतात, गातात, डोलतात, पाठ फिरवली की त्यांचाच पडदा होतो, आणि त्याआड चाललेले गैरप्रकार झाकले जातात. आता स्वतःला विचारा, इथे साधा कापडी पडदा असता तर काय हुकलं असतं? झाकणारे पुण्याचे प्रतिष्ठित ब्राह्मणच आहेत, म्हणजे पडदाही गुन्ह्यात सामील आहे. हे सापडलं की निम्मा निबंध झाला. कीर्तन आणि लावणी एकमेकांत कशी मिसळतात, तेही याच धाग्यात ओवता येतं.

संहिता वाचताना कंसातल्या रंगसूचनांखाली पेन्सिलीने रेघ मारा. बहुतेक जण त्या गाळतात, आणि खरा मसाला तिथेच असतो.

शेवटी 'हे नाटक आजही तितकेच समर्पक आहे' असं लिहिलं असेल, तर ते खोडा.